स्लाइड आत असताना आर.व्ही. कशी वापरावी

अमेरिकेत आर.व्ही. (रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरचे घर) विकत किंवा भाड्याने घेण्यासाठी पाहायला गेलो, की ती जवळजवळ नेहमीच पूर्ण उघडलेल्या अवस्थेत दाखवली जाते. दोन्ही बाजूंच्या स्लाइड, म्हणजे बटण दाबून भिंतीतून बाहेर सरकवता येणारे खोलीचे भाग, बाहेर काढलेल्या असतात, मध्ये ऐसपैस मोकळी जागा असते, सोफ्यावर पाय पसरून बसता येते आणि मुले लगेच इकडून तिकडे धावू लागतात. त्या मोकळ्या जागेवर आपण भाळतो आणि एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: स्लाइड आत घेतल्यावर शौचालयापर्यंत पोचता येते का? माझ्या मते स्लाइड आत असताना जो आराखडा उरतो तोच आर.व्ही.चा खरा आराखडा आहे. बाहेर काढलेल्या स्लाइडमुळे मिळणारी जागा वरकड समजावी. दुपारच्या जेवणाचा थांबा, महामार्गालगतच्या रेस्ट एरियातली तासाभराची विश्रांती, ट्रक स्टॉपवर काढलेली रात्र, वाऱ्यामुळे रस्ता बंद झाला म्हणून बसून काढलेली दुपार, या सगळ्या वेळी गाडी बंदच, म्हणजे स्लाइड आत घेतलेलीच, असते. तेव्हाच ती वापरता आली नाही, तर घर सोबत घेऊन हिंडण्याचा मोठा फायदा हातचा जातो.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो आणि उन्हाळ्यात वायोमिंगमार्गे ग्रँड टीटन व यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांकडे जातो. वाटेत लॅरमी ते रॉलिन्स हा इंटरस्टेट ८० या महामार्गाचा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. हलक्या पण उंच वाहनांसाठी तो वरचेवर बंद केला जातो आणि आपली आर.व्ही. नेमकी त्याच वर्गात मोडते. सोबत भारतातून आलेले आई-वडील आणि दोन मुले असताना अशा थांब्यांवर जे शिकायला मिळाले, तेच इथे क्रमाने लिहीत आहे.

जागा जाते कुठे

रस्त्यावर धावणाऱ्या आर.व्ही.ची रुंदी साधारण १०२ इंचांपर्यंत, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत असते. भिंतींची जाडी वजा केली की आत जेमतेम ९६ इंच उरतात. सोफ्याची स्लाइड आत आली की ती यातले सुमारे ३६ इंच व्यापते. समोर २४ इंच खोलीचा स्थिर ओटा असेल तर मध्ये ३६ इंचांची वाट राहते आणि तिच्यातून दोन माणसे अंग चोरून एकमेकांना ओलांडू शकतात. पण ओट्याच्या जागी दुसरी तेवढीच मोठी स्लाइड असेल, तर वाट २४ इंचांवर येते. मध्ये स्वयंपाकाचा आयलंड, म्हणजे मधोमध सुटा ओटा, असेल तर दोन्हीकडच्या स्लाइड त्याला भिडतात आणि वाट उरतच नाही. गाडी पाहताना हे गणित आपण स्वतः टेपने मांडावे. विक्रेत्याने दिलेल्या चित्रात बहुधा उघडी गाडीच काढलेली असते.

शयनगृहात हिशेब आणखी अवघड होतो. आर.व्ही.तला क्वीन पलंग बहुतेक वेळा ६० इंच रुंद आणि ७४ ते ८० इंच लांब असतो. पलंगाचे डोके बाजूच्या भिंतीतल्या स्लाइडमध्ये असेल, तर स्लाइड आत येताच त्याचा पायथा समोरच्या कपाटाला टेकतो. म्हणूनच काही गाड्यांत गादी उशाकडून उचलून वाकवण्याची सोय दिलेली असते. तिथे झोपणे दूरच, पलंगापलीकडे जायचे तर गादीवरूनच जावे लागते; आणि शौचालय पलंगापलीकडे असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते नसल्यात जमा आहे. याउलट ज्या गाडीत पलंग लांबीच्या दिशेने ठेवलेला असतो आणि स्लाइडमध्ये फक्त कपडे ठेवण्याचे कपाट असते, तिथे स्लाइड आत असतानाही निदान एका बाजूने पलंगावर चढता येते. दोन गाड्या इतर बाबतींत सारख्या असतील, तर ही दुसरी रचना निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी घरासमोर तालीम

प्रवासाला निघण्याआधी एका संध्याकाळी गाडी घरासमोर उभी करून सगळ्या स्लाइड आत घ्याव्यात आणि घरातल्या सगळ्यांनी तासभर त्या बंद गाडीत काढावा. या तासात वाटेत खरोखर करावी लागणारी कामे करून पाहावीत. शौचालयात जाऊन दार लावता येते का, फ्रिजचे दार किती उघडते, पिण्याचे पाणी कुठून मिळते, चहाचे सामान हाताशी आहे का, औषधाची पेटी काढता येते का, आणि दिवे बंद असताना दारापर्यंत कशालाही न अडखळता पोचता येते का? जे काम होत नाही ते तिथेच कागदावर लिहावे. आमच्या पहिल्या तालमीत भांड्यांचा खण सोफ्यामागे अडकला आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच खणात होत्या. हे घरासमोर कळले म्हणून काही बिघडले नाही.

जे खण आणि कपाटे बंद अवस्थेतही उघडतात, त्यांवर रंगीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा. ही खूण अगदी साधी आहे, पण सामान भरताना तिचा फार उपयोग होतो, कारण मदत करणारे पाहुणे किंवा मुलेसुद्धा ती पाहून वस्तू योग्य जागी ठेवतात. खूण असलेल्या जागी वाटेत लागणारे सामान ठेवावे: औषधे, टॉर्च, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, ताटल्या, सुरी, चहा-साखर आणि कोरडा खाऊ. उरलेले, म्हणजे मुक्कामी पोचल्यावरच लागणारे सामान, अडलेल्या कपाटांत गेले तरी चालते. जड वस्तूंचा विचार मात्र वेगळा करावा. वीस पौंडांची तांदळाची पिशवी, प्रेशर कुकर, लोखंडी तवा आणि डब्यांची चळत स्लाइडमधल्या कपाटात न ठेवता स्थिर बाजूच्या खालच्या कपाटात ठेवावी, म्हणजे स्लाइडच्या यंत्रणेवर नाहक भार येत नाही.

भाड्याने गाडी घेणाऱ्याला अशी निवांत तालीम करता येत नाही. त्याने गाडी ताब्यात घेतानाच तिथल्या माणसाला सगळ्या स्लाइड आत घेऊन दाखवण्याची विनंती करावी आणि दहा मिनिटे आत फिरून पाहावे. शक्य असल्यास आरक्षणाआधीच स्लाइड आत असतानाची छायाचित्रे मागवावीत. आणि माणसे चारपेक्षा कमी असतील, तर स्लाइड नसलेली छोटी गाडी घेण्याचाही गंभीरपणे विचार करावा.

थांब्यावर खाणे-पिणे

बंद गाडीत सर्वांत आधी अडतो तो फ्रिज. समोर ओटा किंवा सोफा आल्यामुळे त्याचे दार थोडेसेच उघडते. दाराच्या कप्प्यांपर्यंत हात पोचतो, आतल्या खणांपर्यंत पोचत नाही. त्यामुळे दिवसभरात लागणारे दूध, दही, लोणी आणि कापलेली फळे दाराच्या कप्प्यांत ठेवावीत, किंवा आम्ही करतो तसे सकाळी निघतानाच एका छोट्या बर्फपेटीत काढून ती प्रवेशदाराजवळ घट्ट बांधून ठेवावी. फ्रिज थोडासा उघडून हाताने चाचपडत राहिले, तर आतली थंड हवा निघून जाते आणि नको ते डबे खाली पडतात.

स्वयंपाकाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: स्लाइड आत असताना गॅसवर फक्त पाणी उकळावे, आणि तेही शेगडीच्या समोर व बाजूला पुरेशी मोकळी जागा असेल तरच. अनेक गाड्यांत ओट्याची स्लाइड आत आली की शेगडीपासून सोफ्याचे कापड, पडदा किंवा लाकडी फळी हातभर अंतरावर येते. फोडणीचे उडणारे तेल, तव्याची धग आणि पंख्याच्या झोताने हलणारा पडदा एवढ्या जवळ असणे धोक्याचे आहे. शिवाय बंद गाडीत हवा कमी असते, त्यामुळे मोहरी तडतडताच धुराची घंटा वाजू लागते आणि तिखटाच्या ठसक्याने सगळ्यांनाच बाहेर पडावे लागते. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, लसणाची चटणी असा आपला प्रवासी शिदोरीचा प्रकार या गाडीसाठीच जन्मला असावा, असे मला दर वेळी वाटते. तो घरून करून न्यावा. गरम काही हवेच असेल आणि गाडीला वीज उपलब्ध असेल, तर मायक्रोवेव्ह वापरावा. त्याचे दार पूर्ण उघडते की नाही, हे तालमीतच पाहिलेले असावे.

चहा करतानाही छताचा व्हेंट (हवा बाहेर जाण्याचा झरोका) उघडून पंखा लावावा आणि एक खिडकी थोडी सरकवावी. काम संपल्यावर शेगडीची कळ बंद आहे ना, हे दोघांनी पाहावे. शेगडीने गाडी ऊबदार करण्याचा मोह थंडीत होतो, पण कार्बन मोनॉक्साइडचा धोका छोट्या बंद जागेत आणखी वाढत असल्याने ते कधीही करू नये.

बाहेर पडण्याची वाट आणि ऊब

या भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो. आर.व्ही.ला मुख्य दाराखेरीज संकटकाळी बाहेर पडण्यासाठी एक खिडकी असते आणि तिच्या कड्या बहुधा लाल रंगाच्या असतात. स्लाइड आत घेतल्यावर ही खिडकी पलंगाच्या उशामागे किंवा कपाटाआड गेलेली असू शकते. तिच्यापर्यंत पोचता येते का, ती पूर्ण उघडते का, आणि त्या बाजूला झोपणाऱ्या माणसाला ती उघडता येते का, हे पाहिल्याशिवाय बंद गाडीत रात्र काढू नये. पोचता येत नसेल, तर त्या भागात कोणालाही झोपवू नये. हा नियम आम्ही कसोशीने पाळतो.

त्याचप्रमाणे प्रोपेनचा, म्हणजे गाडीतल्या गॅसचा, गळती-सूचक पाहावा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे हा सूचक जमिनीलगत बसवलेला असतो, आणि आत आलेल्या सोफ्यामागे तो झाकला गेला तर त्याचे काम नीट होईलच असे नाही. अग्निशामक नळकांडे दाराजवळ असते. त्याच्यापुढे बुटांचा ढीग किंवा बर्फपेटी ठेवू नये.

फर्नेसची, म्हणजे गाडी तापवणाऱ्या गॅसभट्टीची, गरम हवा अनेक गाड्यांत जमिनीतल्या जाळ्यांतून येते आणि स्लाइड आत आली की यांतल्या काही जाळ्या तिच्या खाली जातात. जितक्या जाळ्या झाकल्या जातील तितकी हवा कोंडते आणि फर्नेस जास्त तापून मध्येच स्वतःहून बंद पडू शकते. त्यामुळे उघड्या राहिलेल्या जाळ्या पायपुसण्याने, पिशवीने किंवा अंथरुणाने झाकल्या जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. एक गोष्ट मात्र बंद गाडीच्या बाजूची आहे. तापवायची जागा कमी असते आणि स्लाइडच्या पातळ भिंती व सांधे वाऱ्यात उघडे राहत नाहीत, त्यामुळे गाडी लवकर ऊबदार होते व प्रोपेन कमी जाते. पाच-सहा माणसांच्या श्वासाने काचांवर पाणी साचते, म्हणून छताचा व्हेंट रात्रभर बोटभर उघडा ठेवावा आणि सकाळी काचा पुसून घ्याव्यात. विजेचा सुटा हीटर अरुंद वाटेत ठेवू नये. रात्री उठणाऱ्याचा पाय त्याच्यावरच पडतो.

रात्र काढायची असेल तर

काही वॉलमार्ट दुकाने आणि बरेच ट्रक स्टॉप आर.व्ही.ला एक रात्र उभे राहू देतात. दुकानात आधी व्यवस्थापकाला विचारावे. रेस्ट एरियात किती वेळ थांबता येते, याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात. अशा ठिकाणी स्लाइड बाहेर काढणे, छत्री उघडणे किंवा खुर्च्या मांडणे शिष्टाचाराला धरून नाही, कारण ती जागा वाहन उभे करण्यासाठी दिलेली असते, तळ ठोकण्यासाठी नव्हे. ट्रकच्या रांगेत बाहेर आलेल्या स्लाइडला दुसऱ्याचा आरसा लागण्याची भीतीही खरी आहे.

झोपण्याची व्यवस्था दिवसाउजेडीच ठरवावी. सोफ्याचा पलंग उघडायला पुढे जागा लागते, ती बंद गाडीत नसते; डायनेटचे, म्हणजे जेवणाच्या बैठकीचे, टेबल खाली उतरवून होणारा पलंग मात्र पुष्कळदा करता येतो. क्लास सी प्रकारच्या मोटरहोममध्ये (मोटरहोम म्हणजे स्वतःचे इंजिन असलेली आर.व्ही.) चालकाच्या डोक्यावरचा माळा स्लाइडवर अवलंबून नसतो, म्हणून मुलांची तिथे उत्तम सोय होते. फक्त कडेची जाळी लावायला विसरू नये. ज्येष्ठांना शौचालयाच्या सर्वांत जवळची, कमी उंचीची जागा द्यावी, मग त्यासाठी इतरांना मधल्या वाटेत सतरंजी अंथरावी लागली तरी हरकत नाही. वाटेत झोपणाऱ्याचे डोके दाराकडे असावे आणि शौचालयाच्या वाटेवर बॅटरीचा छोटा दिवा तेवत ठेवावा. बाबांनी पहिल्या रात्री हा दिवा स्वतःहून मागितला, तेव्हापासून तो आमच्या सामानात कायम आहे.

जोराच्या वाऱ्यात तर कॅम्पग्राउंडवर असतानाही स्लाइड आत घेणे चांगले. स्लाइडच्या वर ताणलेले संरक्षक कापड वाऱ्याने फडफडून फाटते आणि गाडीही जास्त हेलकावते. रात्री बर्फ किंवा गोठणारा पाऊस अपेक्षित असेल, तर संध्याकाळीच स्लाइड आत घ्याव्यात. नाहीतर सकाळी त्यांच्या छतावर साचलेला बर्फ खरवडल्याशिवाय त्या आत घेता येत नाहीत, आणि तशाच ओढल्या तर रबरी सील फाटतात किंवा मोटर अडकते.

आत घेताना आणि पुन्हा बाहेर काढताना

स्लाइड आत घेण्याआधी जमिनीवरची प्रत्येक वस्तू उचलावी. चप्पल, खेळण्यातली गाडी, गालिच्याची दुमडलेली कड किंवा पलंगावरून लोंबणारी चादर एवढ्यानेही स्लाइड तिरकी अडकते. सगळे खण व कपाटे बंद करावीत. मोटरहोममध्ये चालकाच्या मागे स्लाइड येत असेल, तर आसन पुढे सरकवून पाठ सरळ करावी. मुलांना गाडीबाहेर कोणाच्या तरी हाताशी उभे करावे. बटण दाबणाऱ्याने एकाच वेळी स्लाइडकडे आणि मुलांकडे लक्ष देण्याचा प्रयत्न करू नये. छतावर पाणी किंवा पाने साचली असतील तर आधी झाडून काढावीत, नाहीतर ते पाणी स्लाइडबरोबर आत येते आणि गालिच्याखाली मुरते. पावसात घाईने आत घ्यावीच लागली, तर पुढच्या थांब्यावर कडेच्या फटींतून हात फिरवून ओल तपासावी आणि फडक्याने टिपून घ्यावी.

बटण शेवटपर्यंत दाबून धरावे, म्हणजे चारही बाजूंचे सील नीट दाबले जातात. शौचालयापुरती वाट मिळावी म्हणून स्लाइड अर्धवट बाहेर ठेवून रात्र काढण्याची कल्पना अनेकांना सुचते. पण अर्ध्या वाटेवर कोणतेच सील बसत नाही, पाणी आत शिरते आणि यंत्रणेवर तिरका भार राहतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत तशी स्पष्ट मुभा नसेल, तर हे टाळावे. वाट हवी असेल आणि जागा मोकळी असेल, तर ती एक स्लाइड थोडा वेळ पूर्ण बाहेर काढावी, काम उरकावे आणि पुन्हा पूर्ण आत घ्यावी.

काही गाड्यांत प्रवासात स्लाइड सरकू नये म्हणून आतून दांडे किंवा अडसर लावतात. ते काढल्याशिवाय स्लाइड बाहेर ढकलली, तर मोठे नुकसान होते. आम्ही अडसर लावला की बटणावर लाल फडक्याची चिंधी बांधतो. ती सोडल्याशिवाय कोणी बटण दाबत नाही. बॅटरी उतरलेली असताना स्लाइड चालवू नये, कारण ती मध्येच थांबते. हाताने स्लाइड आत घेण्याची सोय कुठे आहे आणि त्यासाठी कोणता पाना लागतो, हे घरीच पाहून ठेवावे व तो पाना खूण केलेल्या खणातच ठेवावा.

गाडी चालू असताना

वर लिहिलेला सगळा वापर उभ्या गाडीतला आहे. चालू मोटरहोममध्ये प्रत्येकाने पट्टा असलेल्या आसनावर पट्टा लावूनच बसावे. पाणी प्यायला, शौचालयात जायला किंवा पडलेले खेळणे उचलायला कोणी उठू नये; गरज असेल तर पुढच्या रेस्ट एरियात थांबावे. मागे ओढून नेण्याच्या ट्रेलरमध्ये प्रवासात कोणीही बसू नये, बहुतेक राज्यांत त्याला मनाईच आहे. थांबा संपवून निघताना बर्फपेटी पुन्हा बांधली का, छताचा व्हेंट मिटला का, पायऱ्या आत घेतल्या का आणि शेगडी बंद आहे का, हे एकाने मोठ्याने विचारावे आणि दुसऱ्याने प्रत्यक्ष पाहून उत्तर द्यावे. आमच्याकडे विचारण्याचे काम धाकट्या मुलीकडे आहे आणि तिचे चारही प्रश्न होईपर्यंत किल्ली फिरत नाही.